नसलेल्या पायाचं देणं

सर आमच्या वाड्यात राहायला आले तेव्हा त्यांचे दोन्ही पाय शाबूत होते. नागपूरच्या महालात, बडकस चौकाच्या आत एका चिंचोळ्या गल्लीत आमचा जुना वाडा. वर आम्ही, खाली भाडेकरू. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक म्हणून निवृत्त झालेले सर आणि काकू खालच्या दोन खोल्यांत आले, कारण पुस्तकांची खोकी माडीच्या जिन्यातून वर जाईनात. मधुमेह त्यांच्या सामानाबरोबरच आला होता. नव्वदच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात डाव्या अंगठ्याला चप्पल लागली, जखम चिघळली, अंगठा काळा पडला आणि पाय गुडघ्याखालून कापावा लागला. मी तेव्हा फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला होते. साखरेनं सरांचे डोळेही अधू केले होते. आई म्हणाली, “संध्याकाळी खाली जाऊन त्यांना वाचून दाखवत जा. वाचल्याशिवाय तो माणूस राहायचा नाही.”

त्या वाचनातून मी जे घेतलं त्याच्यावर माझा आजवरचा व्यवसाय उभा आहे. म्हणून हे लिहिणं.

जखम भरत आली आणि सरांचा गेलेला अंगठा दुखू लागला. आधी नुसती खाज. “बेटा, अंगठा खाजून राहिला,” असं ते पांघरुणाच्या सपाट जागेकडे बघत म्हणायचे. मग ठणका. बोटं आत वळून मुडपल्यासारखी वाटायची आणि काही केल्या सरळ होत नसत. रात्री ते कण्हायचे आणि वाड्यातल्या सगळ्यांना ऐकू यायचं. भेटायला येणारे नातेवाईक धीर द्यायचे, “मनाचे खेळ आहेत, लक्ष देऊ नका.” एका डॉक्टरांनीही तेच सांगितलं, जरा इंग्रजीत. त्या बोलण्यानं सरांना ठणक्याहून जास्त त्रास व्हायचा. चेहरा उतरायचा त्यांचा. आयुष्यभर ज्यांनी ‘मन’ आणि ‘शरीर’ या दोन गोष्टींबद्दल शिकवलं, त्यांना स्वतःच्या खाटेवर पडून ऐकावं लागत होतं, की दुखणं मनाचं असेल तर ते खरं नाही.

एका संध्याकाळी त्यांनी मला भिंतीजवळच्या कपाटातून तत्त्वज्ञ देकार्तचा एक ग्रंथ काढायला लावला. ‘तत्त्वज्ञानाची मूलतत्त्वे’, १६४४ सालचा. चौथ्या भागातला १९६ वा परिच्छेद त्यांना हवा होता. मी अडखळत इंग्रजी वाचत गेले, ते मराठीत सांगत गेले. एका मुलीच्या हाताला दुखणं होतं. शल्यवैद्य आला, की तिचे डोळे बांधत. हात सडत चालला तेव्हा तो कोपरापासून कापला आणि त्या जागी फडकी अशी गुंडाळली, की हात गेल्याचं तिला बरेच दिवस कळलं नाही. आणि तेवढा सगळा काळ ती सांगत राहिली, आता या बोटात दुखतं, आता त्या बोटात. बोटं कधीच नाहीशी झालेली. देकार्तनं त्यावरून अनुमान काढलं, की दुखणं हातात कळत नाही, मेंदूपर्यंत गेलेल्या मज्जातंतूंच्या हालचालीमुळे ते जिवाला कळतं. सर उठून बसले. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्या मुलीचं नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण तिचं म्हणणं एका मोठ्या माणसानं ऐकून घेतलं होतं आणि ग्रंथात लिहिलं होतं. सरांना हे फार मोलाचं वाटलं. “तिला कुणी खोटी म्हटलं नाही बघ,” ते म्हणाले.

देकार्तवर त्यांचा राग होता आणि लोभही होता. मन विचार करतं, जागा व्यापत नाही. शरीर जागा व्यापतं, विचार करत नाही. असे दोन तुकडे त्यानं केले आणि मग ते जोडायला मेंदूतली एक इवलीशी ग्रंथी शोधली. पण सर मला त्या ग्रंथीपाशी थांबू देत नसत. ते थेट एलिझाबेथकडे नेत. बोहेमियाची ही राजकन्या राज्य गमावलेल्या घराण्यातली, द हेगमध्ये परागंदा होऊन राहणारी. मे १६४३ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तिनं देकार्तला पत्र लिहून सरळ विचारलं: ज्या आत्म्याला आकार नाही, स्पर्श नाही, तो शरीराला ढकलतो तरी कसा? देकार्तनं उत्तरं दिली, एकही पुरेसं नव्हतं. जूनमधल्या पत्रात तर तो जवळजवळ कबूलच करतो, की मन आणि शरीर वेगळे आहेत हे चिंतनानं कळतं, पण ते एक आहेत हे रोजच्या जगण्याबोलण्यातूनच कळतं. एलिझाबेथचं त्यानं समाधान झालं नाही. दोन वर्षांनी ती तापानं आणि कोरड्या खोकल्यानं आजारी पडली आणि देकार्त तिला दुःखाचा शरीरावर होणारा परिणाम समजावू लागला, तेव्हा तिच्या प्रश्नाला तिचंच शरीर साक्ष होतं.

मनशरीराच्या सगळ्या वादात मला आजही सर्वांत मोठी वाटते ती एलिझाबेथ. तिनं सिद्धान्त मांडला नाही. समोरच्याच्या सिद्धान्तात जी जागा रिकामी होती तिच्यावर बोट ठेवलं आणि ते काढलं नाही.

सरांकडे संध्याकाळी आणखी एक काका यायचे. इंदोऱ्याला राहणारे, रेल्वेच्या विद्युत विभागातून निवृत्त झालेले. काकूंनी चहा आणला, की ते पिशवीतून ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ काढत. बाबासाहेबांचा हा ग्रंथ मूळ इंग्रजीत १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर आला. त्यात आत्मा नाकारलेला आहे, हे नागपुरात शाळकरी मुलालाही माहीत असतं. पण काकांचं आवडतं पान वेगळं होतं. शरीर आणि चेतना यांचं नातं सांगताना बाबासाहेब विज्ञानातला दाखला देतात: विद्युतक्षेत्र असेल तिथं त्याच्याबरोबर चुंबकीय क्षेत्र असतंच, शरीर आणि जाणिवेचं नातंही तसंच का समजू नये? आयुष्यभर तारा आणि मोटारींत हात घातलेला माणूस ते वाचताना खुलायचा. “सर, यात आत्मा कुठं घुसवता?” सर म्हणायचे, “क्षेत्र क्षेत्राला निर्माण करतं, कबूल. पण चुंबकाला ठणका लागत नाही.” मग दोघंही माझ्याकडे बघत, कारण मी शरीररचनाशास्त्र शिकत होते आणि मृतदेहाचे मज्जातंतू हातानं सोडवत होते. मी कधी काकांच्या बाजूनं बोले, कधी सरांच्या. ज्या शहरात लाखो माणसांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला आत्म्याची कल्पना मागे ठेवून नवा रस्ता धरला, त्या शहरात हा वाद कुणासाठीच नुसता पुस्तकी नव्हता.

सरांनी मला चार्वाक शिकवला तो मोहाच्या फुलांवरून. फुलात नशा नाही, पाण्यात नाही, भांड्यात नाही. ती एकत्र सडवली, की नशा येते. पृथ्वी, आप, तेज, वायू एकत्र आले, की तसंच चैतन्य येतं, असं चार्वाकांचं म्हणणं. जुन्या ग्रंथांत दाखला मद्य आंबवणाऱ्या किण्वाचा आहे, मोह सरांनी विदर्भासाठी घातला. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात यावर घेतलेली हरकतही लगेच सांगितली: चैतन्य देहाचा गुण असता, तर देह असेपर्यंत राहिला असता, मग प्रेतात तो का नाही? दोन्ही बाजू ते सारख्या जिव्हाळ्यानं मांडत. कुणाची टर उडवलेली मी ऐकली नाही.

त्यांनी मला दाखवलेली सर्वांत उपयोगाची गोष्ट सांख्यांची होती. देकार्त रेघ ओढतो ती मन आणि शरीर यांच्या मध्ये. सांख्य ती रेघ तिथं ओढतच नाहीत. त्यांच्याकडे मन, बुद्धी, अहंकार हे सगळं प्रकृतीचं, म्हणजे शरीराच्याच बाजूचं. पलीकडे उरतो तो फक्त बघणारा पुरुष. न्यायवैशेषिकांकडेही मन हे एक द्रव्यच आहे, अणूएवढं. चरकसंहितेत तर शरीर आणि मन, दोन्ही रोगांची घरं म्हणून शेजारीशेजारी सांगितली आहेत. “आता सांग,” सर म्हणाले, “आपल्याकडे हे ‘मनाचं आहे म्हणजे खोटं आहे’ आलं कुठून? ना सांख्यांकडून, ना चरकाकडून, ना बुद्धाकडून, ना चार्वाकाकडून.” त्या प्रश्नानं माझ्या डोक्यातली एक भिंत पडली. आजार शरीरात सापडला नाही म्हणून माणूस खोटा ठरतो, हा आपल्या वाडवडिलांचा शहाणपणा नाही. आळस आहे तो. तपासायचं संपलं, की पुढे ऐकायचं कशाला, असा.

त्या दिवसांतला एक प्रसंग सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. इन्शुलिन घेतल्यावर सरांचं जेवण लांबलं होतं. मी वाचत होते आणि सर मध्येच भलतंच विचारू लागले. लेखकाचं नाव त्यांना आठवेना, मग माझं आठवेना. कपाळावर घाम, हात थरथरत. काकूंना अनुभव होता. त्यांनी साखरपाणी पाजलं, मग गुळपोळीचा तुकडा भरवला. हळूहळू सर परत आले, नाव आलं, ओळ आली, अर्थ आला. आणि पहिलं काय सांगितलं असेल तर छांदोग्यातली श्वेतकेतूची गोष्ट. उद्दालक मुलाला पंधरा दिवस उपाशी राहायला सांगतो, फक्त पाणी पी म्हणतो. मग म्हणतो, वेद म्हण. मुलाला एक ऋचा आठवत नाही. जेवून आल्यावर सगळं आठवतं. मन अन्नाचं बनलेलं आहे, हे बापाला शब्दांनी सांगायचं नव्हतं, मुलाच्या पोटातून सांगायचं होतं. “उपनिषदातला हा प्रयोग आहे,” सर म्हणाले, “आणि आज तो माझ्यावर झाला.” काकू रागावून म्हणाल्या, “प्रयोग पुरे, आधी भात खा.” मी घरी जाऊन रात्रभर वहीत लिहीत बसले. ग्लुकोज आणि स्मृती यांचं नातं मला परीक्षेपुरतं पाठ होतं. त्या संध्याकाळी ते मला कळलं.

तरुणपणी सर काही काळ अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात होते. प्रताप शेटजींनी १९१६ साली उभी केलेली ती संस्था. खानदेशातल्या एका गिरणीच्या गावात देशभरची मोठी डोकी येऊन राहायची, हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. कृष्णचंद्र भट्टाचार्यांचं ‘सब्जेक्ट ॲज फ्रीडम’ तिथूनच १९३० साली निघालं. सरांनी ते माझ्याकडून वाचून घेतलं आणि खरं सांगायचं, तर एकेका पानाला एकेक संध्याकाळ लागली. भट्टाचार्य माणसाच्या आत्मत्वाची पहिली पायरी शरीरात शोधतात. शरीर मला बाहेरून दिसतं, पण आतूनही जाणवतं, आणि ते आतून जाणवणं इतर कुठल्याही वस्तूच्या दिसण्यासारखं नाही. पुढच्या पायरीवर ते अभावाकडे येतात: एखादी गोष्ट इथं नाही हे कळणं, आणि ते ‘नसणं’ आत्ता, समोर, वस्तुस्थिती म्हणून कळणं. न्यायवैशेषिकांच्या अभावाच्या विचारातून आलेला हा धागा. पंचविशीत सरांना हे प्रकरण कोरडं वाटलं होतं. आता ते खाटेवर टेकून, कापलेल्या पायाच्या टोकावर हात ठेवून ऐकत होते. त्यांच्या पायाचं नसणं डोळ्यांना दिसत होतं, पाय असल्याचं आतून जाणवत होतं आणि दोन्ही एकाच वेळी खरं होतं. “हे मी वर्गात किती वर्षं शिकवलं,” ते म्हणाले, “पण मला शिकवलं ते या पायानं.”

पुढे जयपूर फूट बसला. तो घालून उभे राहिले, की ती अदृश्य बोटं त्या रबरी पावलात जाऊन बसत, जणू तिथं त्यांना घर मिळायचं. काढून ठेवला, की पुन्हा मुडपत. मी शेवटच्या वर्षाला असताना डॉ. विलयनूर रामचंद्रन यांच्या कामाबद्दल वाचलं. चेन्नईत वैद्यक शिकलेला आणि कॅलिफोर्नियात संशोधन करणारा हा माणूस, हात गेलेल्या रुग्णांपुढे आरसा उभा करत होता. शाबूत हाताचं प्रतिबिंब गेलेल्या हाताच्या जागी दिसतं, शाबूत मूठ उघडली, की गेलेली मूठही उघडल्यासारखी वाटते. मी सरांना सांगितलं. काकूंनी एक शब्दही न बोलता लाकडी कपाटाचं आरशाचं दार उतरवून घेतलं. ते दोन पायांच्या मध्ये उभं धरून मी सरांना उजवी बोटं हळूहळू पसरायला सांगितली. दृष्टी अधू होती तरी पावलाचा आकार दिसत होता. काही वेळानं ते म्हणाले, “सुटली. बोटं सुटली.”

ठणका पूर्ण गेला नाही. तो परत येई, आम्ही परत आरसा धरत असू, आणि रात्री पूर्वीपेक्षा बऱ्या जाऊ लागल्या. सगळ्यांनाच याचा गुण येतो असं नाही, हे मी माझ्या रुग्णांनाही स्पष्ट सांगते. २००७ मध्ये अमेरिकेत पाय गमावलेल्या सैनिकांवर झालेल्या छोट्या चाचणीत आरशानं चांगला आराम दिला. नंतरचे निष्कर्ष काही ठिकाणी तसे, काही ठिकाणी नाहीत. पण त्या दुपारी सरांना फक्त आराम मिळाला नाही, वादाचं नवं खाद्य मिळालं. औषध दिलं नाही, कुठल्या मज्जातंतूला हात लावला नाही. जे दिसलं तेही खरं नव्हतं, आरशातलं होतं. मग सैल झालं ते काय? मन म्हणावं तर ते डोळ्यांच्या वाटेनं, मेंदूच्या नकाशातून सैल झालं. शरीर म्हणावं तर तिथं शरीर नव्हतंच. काका म्हणाले, “दोन क्षेत्रं.” सरांनी पहिल्यांदाच हरकत घेतली नाही.

आज मी महालातच, जुन्या वाड्यापासून जवळ, रुग्ण बघते. पक्षाघाताचे आजोबा, कंबर धरलेल्या बायका, प्लास्टर काढल्यावरही हात जळजळतो म्हणणारा रिक्षावाला. सोबत आलेलं कुणीतरी हळूच बाजूला घेऊन सांगतंच, “मॅडम, मनाचे खेळ आहेत.” मी आधी रुग्णाला विचारते, कुठं दुखतं, कसं दुखतं, केव्हा कमी होतं, आणि तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घेते. एक्स-रे नंतर. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२० मध्ये आपली जुनी व्याख्या सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपांत हेही लिहिलं, की माणूस मला दुखतं म्हणतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. ते वाचताना मला भरून आलं. हे मला महालातल्या एका खाटेशी बसून, देकार्तच्या त्या अनाम मुलीकडून आणि सरांकडून आधीच मिळालं होतं. शिकायला येणाऱ्या मुलांना मी तपासणीच्या आधी तो १९६ वा परिच्छेद वाचून दाखवते. हे देणं फेडण्याची दुसरी रीत मला सापडलेली नाही.

सरांशी माझा एक वाद मात्र राहून गेला. मला दिवसेंदिवस चार्वाकांचं पटत चाललं आहे आणि त्यांचेच आजचे भाऊबंद म्हणावेत अशा यू. टी. प्लेससारख्यांचं. जाणीव ही मेंदूतली प्रक्रियाच का नसावी, असा प्रश्न त्यानं ॲडलेडमध्ये काम करताना मांडला, त्यावरचा लेख १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि मृत्यूनंतर त्यानं आपला मेंदूही ॲडलेड विद्यापीठाला दिला. सरांची हरकत ठरलेली असे: “तू मला ठणक्याचा मेंदूतला पत्ता सांगितलास. तो ठणका कुणाला लागतो ते सांग.”

सर गेल्यावर मला त्याचं उत्तर एका रुग्णाच्या रूपानं भेटलं. मेंदूच्या उजव्या बाजूला रक्ताची गाठ अडकलेले एक आजोबा. डावा हात लुळा, शेजारी पडलेला. तो उचलून मी त्यांच्या हातात दिला तर म्हणाले, “हा माझा नाही. तुमचा कुणाचा राहिला असेल.” डोकं ठिकाणावर होतं, नातवंडांची नावं बरोबर सांगत होते. सरांचा पाय नव्हता आणि तो त्यांचा होता. या आजोबांचा हात होता आणि तो त्यांचा नव्हता. म्हणजे ‘माझं’ हे वाटणंसुद्धा मेंदू घडवतो, आणि वाटाण्याएवढी गाठ ते मोडू शकते. ‘कुणाला’ या प्रश्नाचा निदान अर्धा भाग तरी इथं सुटतो, असं मी सरांना ठासून सांगितलं असतं. त्यावर ते भट्टाचार्यांचं पुस्तक मागवून म्हणाले असते, “आणि ‘हा माझा नाही’ असं ज्याला कळतं, तो कोण?” तिथं माझं अडतं. येत्या सोमवारी मला आजोबांकडे व्यायामाला जायचंच आहे. हा प्रश्न मी त्यांनाच विचारणार आहे, आणि ते म्हणतील ते लिहून घेणार आहे.